घरं सांभाळणारे शालिकभाऊ

दुसऱ्याच्या घरात शिरायचं असलं की शालिकभाऊ चपला काढतात. यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल. पण शालिकभाऊंना ज्या घरात शिरायचं असतं ते सातासमुद्रापार, एका यंत्रात असतं. शालिकभाऊ स्वतः असतात भंडाऱ्यात, बियाण्यांच्या दुकानावरच्या माडीवर, एका कुरकुरणाऱ्या फिरत्या खुर्चीत. कीबोर्डवर हात ठेवण्याआधी ते पायांनीच चपला सोडतात, टेबलाखाली सारतात आणि काम संपलं की पुन्हा पायात घालतात. एखाद्या दिवशी हे वीस-वीस वेळा चालतं. मला आधी वाटायचं, पायाला खाज येत असेल.

शेवटी एकदा विचारलंच. "काहून जी भाऊ, घडी घडी चपला काहून काढता?"

"अवं, लोकाच्या घरात जाऊन राहिलो ना मी," ते म्हणाले. "चपला घालून जातेत काय?"

मी आपली माझ्या कामाला लागले.

मी वैशाली. माहेर सिहोऱ्याचं, सासर भंडाऱ्याचं. शालिकभाऊ कारध्याचे, म्हणजे वैनगंगेच्या पलीकडचे. वय एकोणसाठ, लग्न केलेलं नाही, तीन भावांच्या भरल्या घरात राहतात. आम्ही दोघं नागपूरच्या एका कंपनीत कामाला. महासाथीत कंपनीनं सगळ्यांना घरी पाठवलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की घरून काम झालं तरी आभाळ कोसळत नाही. आम्हा दोन भंडारेकरांना तिनं ही माडी भाड्यानं घेऊन दिली, वर एक इन्व्हर्टर दिला आणि ती आम्हाला विसरून गेली. महिन्यातून एकदा साहेबांचा फोन येतो तेवढाच.

आमचं गिऱ्हाईक म्हणजे परदेशातली एक विमा कंपनी. तिचा सगळा कारभार मेनफ्रेम नावाच्या दणकट यंत्रावर चालतो. यंत्र एकच, मोठ्या कपाटाएवढं, पण त्यावर शेकडो माणसं एकाच वेळी काम करतात. प्रत्येकाला स्वतःच्या फायली ठेवायला आत एक जागा द्यावी लागते. तिला आमच्या धंद्यात ‘होम’ म्हणतात. ही जागा सगळ्यांना मिळून एकच ठेवता येते, नाहीतर ज्याला त्याला वेगळी फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कचा स्वतंत्र तुकडा, करून देता येते. माणसांना नाव आणि नंबर देणं हे माझं काम. घरं देणं, वाढवणं आणि माणूस गेला की घर मोडणं हे शालिकभाऊंचं.

वेगवेगळ्या घरांबद्दल शालिकभाऊ इतक्या पोटतिडकीनं बोलतात की नवख्या माणसाला वाटावं, हे म्हाडाचे अधिकारी असावेत. ते या कामावर आले तेव्हा सगळ्यांचं होम एकच होतं. तो किस्सा मी निदान तीसेक वेळा ऐकलाय.

"एकच मोठी सपरी होती, उघडी ओसरी समज. सारे तिथंच. एका गड्यानं प्रोग्राम चालू केला आन् जेवाले गेला. प्रोग्रामचं काई तरी बिघडलं, तो नुसता लिहित राहिला, लिहित राहिला. सारी जागा खतम. मंग कोणालेच एक ओळ लिहिता येईना. सारी कंपनी हातावर हात ठेवून बसली, आन् हा गडी ढेकर देत वापस आला. म्हणे, काय झालं जी?"

मग दोन वर्षं खपून शालिकभाऊंनी प्रत्येकाला वेगळं घर बांधून दिलं. आता कोणी आपलं घर भरलं तर त्याचं तोच अडतो, शेजाऱ्याला झळ लागत नाही. शिवाय या घरांचं दार आपोआप उघडतं. माणूस कामावर आला की यंत्र त्याचं घर जोडून देतं, आणि तो गेला की थोडा वेळ वाट पाहून काढून ठेवतं. या दाराचं शालिकभाऊंना भारी कौतुक. "माणूस येते तं दार उघडते," ते सांगतात, "कोणाले उठा लागत नाई, कोणाले हाक माराची गरज नाई."

हे सगळं यंत्रापुरतं राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण खालच्या दुकानाचे मालक गुलाबभाऊ, त्यांनी नवं घर बांधलं. आम्ही दोघं वास्तूच्या जेवणाला गेलो. लोक टाइल्स बघत होते, मॉड्युलर किचन बघत होते. शालिकभाऊंनी पाटावर बसता बसता एकच प्रश्न केला, "वाढवाले जागा ठेवली काय?" गुलाबभाऊंनी जागा ठेवली नव्हती. बिचाऱ्यांच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

माझ्या दिराच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. नवरीच्या वडिलांना बाजूला घेऊन अगदी आपुलकीनं विचारलं, "पोरीले तिचं वेगळं देऊन राहिले ना हे लोक? आधीच सांगून ठेवाव, मंग लय तरास होते." ते गृहस्थ तडक माझ्या सासऱ्यांकडे गेले. लग्नाआधीच घर फोडायची भाषा कोण करतंय, यावर मांडवात अर्धा तास चर्चा झाली. मी शालिकभाऊंचं काम काय असतं ते सासऱ्यांना समजावून सांगितलं. त्यांना ते कळलं नाही, पण माणूस निरुपद्रवी आहे एवढं पटलं.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे नंबर. यंत्र माणसाला नावानं ओळखत नाही, नंबरानं ओळखतं. कुठली फाइल कोणाची, हे फाइलीवर नंबरानंच लिहिलेलं असतं. म्हणून माणूस गेला, त्याचं नाव मी काढून टाकलं, तरी त्याच्या फायलींवर त्याचा नंबर तसाच राहतो.

"गेलेल्याचा नंबर कोणाले देऊ नको बरं, वैशाली," हे मला दर आठवड्याला ऐकावं लागे. मी मान हलवायची. खरं सांगायचं तर माझ्या तक्त्यात मधेच रिकामी जागा दिसली की मला चैन पडत नाही. नवीन माणूस आला की पहिला मोकळा नंबर त्याला द्यायचा, ही माझी सवय होती. आतापर्यंत काही बिघडलं नव्हतं, कारण माझ्या मागे शालिकभाऊ ते घर मोडून, साफ करून मोकळे झालेले असत. हे मला तेव्हा कळत नव्हतं.

गेल्या वर्षी गिऱ्हाइकाकडून हुकूम आला. सहा महिन्यांत ज्या घरात कोणी फिरकलं नाही ती सगळी घरं मोडून टाका. यादीत एकेचाळीस नावं होती.

दुसरा कोणी असता तर दुपारच्या चहाआधी उरकून टाकलं असतं. शालिकभाऊंनी तीन आठवडे लावले. एकेका घरासाठी चपला काढायच्या. आत काय आहे त्याची नावं नुसती बघायची, फाइल उघडायची नाही. पूर्ण घराची एक नक्कल वेगळ्या डिस्कवर ठेवायची. मग त्या माणसाच्या साहेबाला पत्र लिहायचं, की हा गेला काय, आणि परत येणार काय? उत्तर येईपर्यंत घराला हात लावायचा नाही.

नागपूरच्या साहेबांचा फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकला.

"शालिकराम, एका कमांडचं काम आहे हे."

"हो जी साहेब. कमांड एकच आहे. घरं एकेचाळीस आहेत."

साहेबांनी कमांडचा विषय सोडून दिला. मग म्हणाले, "तुमचा करार पुढच्या महिन्यात संपतोय, माहीत आहे ना?" पंचावन्न पूर्ण झाल्यापासून शालिकभाऊंना वर्षावर्षानं करार वाढवून मिळत होता. त्यांनी "माहीत आहे जी" म्हटलं आणि पुढचं घर उघडलं.

चाळीस घरांचा निकाल लागला. उरलं एक, मार्था नावाच्या बाईचं. मार्था त्या विमा कंपनीत पंचवीसेक वर्षांपासून होती. शालिकभाऊंनी तिला कधी पाहिलं नव्हतं, आवाजही ऐकला नव्हता. दोन-तीन वेळा तिनं घर वाढवून मागितलं होतं आणि यांनी वाढवून दिलं होतं, एवढीच ओळख. तिच्या घरात तिच्या हातचे शेकडो छोटे प्रोग्राम होते, रोजच्या कामात हाताशी लागणारे. आठ महिने तिथं कोणी आलं नव्हतं. तिच्या साहेबाचं उत्तर आलं ते एका ओळीचं. मोडून टाका.

"मोडा मंग," मी म्हटलं. "उत्तर आलं ना?"

शालिकभाऊंनी पडद्यावर बोट ठेवलं. तिच्या घरात अगदी वर एक फाइल होती. नाव इंग्रजीत होतं, आणि त्याचा अर्थ होता, ‘परत आल्यावर करायचं’.

"आल्यावर म्हणते ती," ते म्हणाले. "मंग येते ना ती!"

"भाऊ, लिहिलं असंल तिनं कधीचं. माणूस लिहिते आन् विसरते."

"जायच्या दिवशी लिहिलं. तारीख पाहा न."

तारीख तीच होती. ती बाई शेवटची कामावर आली त्या दिवसाची. तरी मला ते पटलं नाही. एका बाईच्या जुन्या फायलींसाठी हा माणूस आपली नोकरी घालवणार, हे मला धडधडीत दिसत होतं. त्यांनी मार्थाच्या साहेबाला डावलून थेट तिथल्या कर्मचारी विभागाला पत्र लिहिलं, ही बाई रजेवर तर नाही? यादी तशीच अर्धवट राहिली. नागपूरहून दर दोन दिवसांनी फोन यायला लागला.

आणि मग मी ते केलं. मुद्दाम नाही, पण केलं मीच. यादीतली सगळी नावं मला माझ्या बाजूनं काढायची होती. मार्थाच्या नावापुढे शालिकभाऊंनी पेन्सिलीनं ‘थांब’ लिहून ठेवलं होतं. मी एकेचाळीसही नावं एका दमात काढून टाकली. त्यांच्या पेन्सिलीकडे बघितलंसुद्धा नाही. त्याच आठवड्यात तिकडे नवा माणूस रुजू झाला, आणि तक्त्यातला पहिला मोकळा नंबर मी त्याला दिला. तो मार्थाचा होता.

नवा माणूस भलता आज्ञाधारक निघाला. कोणाच्या नंबरावर किती जागा खर्च झाली याचं पत्रक यंत्र दर सोमवारी आपोआप पाठवतं. त्याला पत्रक गेलं, की तुमच्या फायलींनी फार जागा अडवली आहे, कृपया साफसफाई करा. रुजू होऊन त्याला चार दिवस झालेले. त्यानं शोध घेतला, तर भलत्याच एका घरात शेकडो जुन्या फायली, आणि सगळ्यांवर मालक म्हणून त्याचाच नंबर. त्यानं बिचाऱ्यानं बाह्या सरसावल्या आणि साफसफाई सुरू केली.

शालिकभाऊंच्या लक्षात आलं ते दुपारी. आठ महिने बंद असलेलं दार उघडल्याचा संदेश पडद्यावर आला. आधी त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी आत पाहिलं आणि ते ताडकन उठले.

"वैशाली, कोणाले देला हा नंबर?"

मी सांगितलं. वाटलं, आता काही खरं नाही. पण ते रागावले नाहीत. पुन्हा बसले, त्या नव्या माणसाला दोन ओळींचा निरोप पाठवून थांबवलं, आणि कामाला लागले. मी त्याला नवा नंबर दिला, त्याच्या स्वतःच्या मोजक्या फायली त्या नंबरावर केल्या. मार्थाचं काढून टाकलेलं नाव पुन्हा उभं केलं, तिच्या जुन्या नंबरासकट. शालिकभाऊंनी वेगळ्या डिस्कवर ठेवलेली नक्कल आणून तिचं घर पहिल्यासारखं केलं. नंतर नावं एकेक करून मोठ्यानं वाचली आणि मी जुन्या यादीवर खुणा केल्या. सातशेच्या वर होती. एकही फाइल गेली नव्हती. खाली गुलाबभाऊंनी शटर अर्धं ओढलं तेव्हा कुठं आम्ही पाणी प्यालो.

साहेबांचा फोन यायचा तो आलाच. "हे कोणी केलं?"

मी तोंड उघडणार तोच शालिकभाऊ म्हणाले, "आमच्या हातून झालं जी, साहेब. वापस केलं आम्ही."

"आणि ते घर अजून मोडलं नाही?"

"नाई जी. पत्राचं उत्तर येयाचं आहे."

साहेब म्हणाले, हे मी लक्षात ठेवीन. फोन ठेवल्यावर मला रडू आलं. मी म्हटलं, "माझं नाव काहून नाई सांगितलं? तुमची नोकरी जाईल, भाऊ."

"जाऊ दे नं. घर राहिलं ना तिचं," म्हणाले, आणि चपला शोधायला टेबलाखाली वाकले.

सतरा दिवसांनी उत्तर आलं. मार्था आजारपणाच्या रजेवर होती. तिचा जुना साहेब निवृत्त झाला होता आणि नव्याला ती कोण हेच माहीत नव्हतं. ती येत्या काही आठवड्यांत रुजू होणार, कृपया तिचं सगळं आहे तसं ठेवावं. पत्राच्या शेवटी दिलगिरीची एक ओळ होती. साहेबांनाही त्याची प्रत गेली. त्यांनी शालिकभाऊंचा करार वाढवला, पण वर्षाऐवजी सहाच महिन्यांसाठी. काही माणसांना हार मानतानाही थोडं रुसावं लागतं.

मग एका दुपारी ते दार उघडलं.

मी समोरच होते. पडद्यावर एक साधी ओळ आली, अशा रोज शेकडो येतात. मार्थाचं घर जोडलं गेलं. तिकडे सकाळचे नऊ वाजले असतील. शालिकभाऊ त्या ओळीकडे बघत राहिले. पाचेक मिनिटांनी ‘परत आल्यावर करायचं’ ही फाइल कोणीतरी बदलल्याची नोंद झाली. म्हणजे तिनं पहिलं काम केलं असावं आणि यादीतून खोडलं असावं. तिला काय काय घडलं याचा पत्ताही नव्हता. सकाळी उठून कामावर यावं तशी ती आली होती.

शालिकभाऊ खाली गेले आणि गरम आलुबोंडे घेऊन आले. दुकानातल्या सगळ्यांना वाटले, हमालांना वाटले. हा माणूस बाहेरचा चहासुद्धा पीत नाही. गुलाबभाऊ त्यांच्यामागे जिना चढून वर आले.

"काय हो शालिकराम, कायचे आलुबोंडे?"

"माझ्या वळखीची एक बाई बिमारीतून उठली," शालिकभाऊ म्हणाले.

"कोठची? कारध्याची काय?"

"नाई जी. दूरची आहे."

गुलाबभाऊंनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, एकोणसाठाव्या वर्षी गडी कुठं गुंतला की काय अशा अर्थानं, आणि हसत खाली गेले. मलाही हसू आलं. मी चिडवायच्या सुरात म्हटलं, "एवढं कायले जी भाऊ? ना पाह्यलेली बाई, ना बोललेली. तिच्या पायी नोकरी घालवून राहिले होते तुम्ही."

ते हातातला कागदाचा बोळा बराच वेळ चुरगाळत होते. मग बोलले ते अगदी हळू, खिडकीकडे बघत.

"नऊ वर्सं झाले असतीन. मी नागपूरच्या दवाखान्यात होतो. पोटाचं आपरेशन झालं, मंग ते चिघळलं. डाक्टरनं भावाले सांगितलं, काई सांगता येत नाई. ठीक होऊन घरी आलो तं माझ्या खोलीत पुतण्याचा पलंग. त्याचं लगन ठरलं होतं नं. माझे कपडे धानाच्या पोत्याइवर ठेवले होते. पुस्तकं रद्दीवाल्याले देली. सपरीत बाज टाकली माझ्यासाठी, अजून तिथंच झोपतो मी."

त्यांच्या घरी मी दोनदा गेले होते. भाऊ, भावजया, सगळी माणसं अगत्याची. सपरीतली, म्हणजे ओसरीवरची, बाज मी पाहिली होती आणि म्हाताऱ्या माणसाला मोकळ्या हवेत बरं वाटत असेल, असं स्वतःच ठरवून टाकलं होतं.

"तुम्ही काई म्हटलं नाई?"

"काय म्हणाव? वाईट नाई ती माणसं. वहिनी रोज देवाजवळ दिवा लावे माझ्यासाठी. पाहाले येत दवाखान्यात." त्यांनी कागदाचा बोळा टोपलीत टाकला. "त्यायले वाटलं, आता मी येत नाई."

खाली कोणीतरी पोतं आपटलं, माडीचा जिना हादरला. मी उगाच विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून. "किती दिवस होते जी तुम्ही दवाखान्यात?"

"बावन्न दिवस," शालिकभाऊ म्हणाले.

त्यानंतर आम्ही दोघंही आपापल्या पडद्यांकडे वळलो. मार्थाचं घर संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं होतं.